खासगी शाळांतील फीमाफी नेमकी कोणाला मिळते?

एका खासगी शाळेच्या शुल्क-सवलत समितीवर पालक प्रतिनिधी म्हणून मी तीन वर्षे काम केले. शाळेचे नाव येथे देत नाही, कारण मला जे मांडायचे आहे ते त्या एका शाळेपुरते नाही, आणि समितीतील इतर सदस्यही माझ्याइतक्याच सद्हेतूने काम करीत होते. तरीही तीन वर्षांनंतर माझी खात्री झाली आहे की आमच्या हातून मदत गरजेच्या क्रमाने गेली नाही. ज्यांना आपली गरज नीट मांडता आली, त्यांच्याकडे ती आधी गेली.

एक प्रसंग सांगते. आमच्या अर्जाच्या शेवटच्या पानावर "याखेरीज काही सांगावयाचे असल्यास" असे छापलेले असे आणि त्याखाली चार ओळींची जागा असे. एका वडिलांनी त्या चार ओळी भरून शिवाय दोन स्वतंत्र पाने जोडली होती. व्यवसायात आलेली खोट, घरातले आजारपण, मुलाची वाचनाची आवड, शाळेविषयीचा आदर असे सारे त्यांत सुवाच्य अक्षरात आणि योग्य क्रमाने लिहिलेले होते. त्याच गठ्ठ्यात एका आईचा अर्ज होता आणि तिने त्या जागेत "नाही" एवढा एकच शब्द लिहिला होता. आकडे पाहिले तर तिचे उत्पन्न पहिल्या कुटुंबाच्या निम्म्याहूनही कमी होते. पण एका सायंकाळी चाळीस-पन्नास अर्ज हातावेगळे करायचे असले की माणूस आकड्यांपेक्षा हकिकतीकडे ओढला जातो. पहिल्या अर्जावर आम्ही दहा मिनिटे बोललो, दुसऱ्यावर जेमतेम दोन. पहिल्याला पाऊण फी माफ झाली, दुसऱ्याला अर्धी. उरलेली अर्धी फी भरणे त्या आईच्या आवाक्याबाहेरचे होते आणि नवे वर्ष सुरू झाले तेव्हा तिच्या मुलीचे नाव पटावर नव्हते. त्या निर्णयाच्या कागदावर माझीही सही आहे.

पूर्वी या मदतीला नादारी म्हणत. तो शब्द ऐकायला कठोर वाटतो, पण ज्याच्यापाशी नाही त्याला फी माफ, एवढाच त्याचा सरळ अर्थ होता. आता सवलत, शिष्यवृत्ती, प्रोत्साहनपर साहाय्य असे अनेक शब्द एकाच निधीभोवती गोळा झाले आहेत, आणि त्यामुळे गरिबाला दिलेली मदत कोणती व हुशार किंवा हव्याशा विद्यार्थ्याला आकर्षित करण्यासाठी दिलेली सूट कोणती, हे बाहेरच्या माणसाला कळेनासे झाले आहे. शाळेच्या माहितीपत्रकात "इतक्या टक्के विद्यार्थ्यांना आर्थिक साहाय्य" असे छापलेले असते. त्या टक्केवारीत संपूर्ण फीमाफी असलेला मुलगा आणि चाचणीत पहिला आला म्हणून दहा टक्के सूट मिळालेला सधन घरचा मुलगा हे दोघेही सारखेच मोजलेले असतात.

ही सरमिसळ आजची नाही. इंग्लंडमधील विंचेस्टर ही शाळा १३८२ मध्ये आणि ईटन १४४० मध्ये स्थापन झाली, तेव्हा दोन्हींच्या सनदांत गरीब विद्यार्थ्यांना विनामूल्य शिकवण्याची तरतूद होती. फी भरणारी मुले त्यांच्याबरोबर आली आणि कालांतराने त्यांचीच संख्या कितीतरी पटींनी मोठी झाली. एकोणिसाव्या शतकात त्या राखीव जागा स्पर्धा परीक्षेने भरल्या जाऊ लागल्या. वरवर पाहता ही सुधारणाच होती, कारण त्याआधी वशिल्याने जागा वाटल्या जात. परंतु लॅटिन आणि ग्रीकच्या परीक्षेची तयारी करून घेणे ज्यांना परवडत होते त्यांचीच मुले पुढे परीक्षेत वर आली, आणि गरिबांसाठी ठेवलेल्या जागा गरीब नसलेल्यांकडे गेल्या. नियम मोडला असे कोणालाच म्हणता आले नसते.

मोजमापाचाही प्रश्न आहे. आम्ही मागील एका वर्षाचे उत्पन्न पाहत असू. पगारदार माणसाचे उत्पन्न पगारपत्रकावर शेवटच्या आकड्यापर्यंत दिसते, तर स्वतःचा व्यवसाय असलेल्याचे उत्पन्न घसारा, वाहनखर्च आणि कर्जावरचे व्याज वजा जाऊन कागदावर उरते तेवढेच दिसते. अमेरिकेतील अनेक खासगी शाळा ज्या सामाईक अर्जपद्धतीचा आधार घेतात तिच्यात उत्पन्नाबरोबर मालमत्ता, घराचे मूल्य आणि फी भरून शिकणाऱ्या इतर भावंडांची संख्याही विचारात घेतली जाते आणि कुटुंब किती भार उचलू शकेल याचा एक अंदाज काढला जातो. अंतिम निर्णय शाळेचाच असतो. ही पद्धत निर्दोष नाही, पण निदान ती सर्वांना तीच फूटपट्टी लावते.

माझे म्हणणे असे आहे की मदतीचा निधी केवळ गरजेवर, एकाच जाहीर सूत्राने वाटला जावा, हकिकतीचे पान निर्णय घेणाऱ्यांसमोर येऊच नये, आणि गुणवत्तेसाठी काही द्यायचे असेल तर ते वेगळ्या खात्यातून व वेगळ्या नावाने द्यावे. आपल्यापैकी ज्यांनी असे अर्ज भरले, तपासले किंवा नाकारले आहेत त्यांचे अनुभव आणि मतभेद, दोन्ही वाचायला आवडतील.

प्रतिसाद १

लेख प्रामाणिक आहे, म्हणून तितक्याच प्रामाणिकपणे दुसरी बाजू मांडतो. मी दोन मुलांची पूर्ण फी भरतो. आम्ही दोघेही नोकरी करतो, दोघांचे उत्पन्न मिळून कोणत्याही सवलतीच्या मर्यादेच्या थोडे वर जाते, आणि फी भरल्यावर हाती शिल्लक अशी राहत नाही. मदत कोणाला मिळते यापेक्षा ती कोणाच्या खिशातून जाते, हा प्रश्न मला अधिक अस्वस्थ करतो. मोठा देणगीनिधी असलेल्या शाळा थोड्या असतात. बाकीच्या ठिकाणी ही मदत आमच्यासारख्यांच्या फीवाढीतून उभी राहते, पण पावतीवर तसे कुठेही लिहिलेले नसते. स्वेच्छेने दान मागितले असते तर मी आनंदाने दिले असते. न सांगता घेतलेल्या पैशाला दान म्हणता येत नाही आणि ज्याच्याकडून तो घेतला त्याला त्याच्या वाटपाबद्दल विचारण्याची सोयही राहत नाही.

दुसरे असे की वरच्या थरातील मुले आणि पूर्ण माफीची मुले वर्गात राहतात आणि मधली कुटुंबे हळूहळू शाळा सोडतात, हे मी माझ्या मुलाच्या वर्गात पाहिले आहे. चौथीत बरोबर असलेल्यांपैकी जे सातवीपर्यंत शाळा सोडून गेले, ते बहुतेक याच मधल्या घरांतले होते.

प्रतिसाद २

मी एका शाळेच्या लेखा विभागात बरीच वर्षे होते, म्हणून हिशेबाच्या बाजूने थोडे लिहिते.

शाळेचा बहुतेक खर्च शिक्षकांच्या पगारावर आणि इमारतीवर होतो. वर्गात तिसाच्या जागी अठ्ठावीस मुले असली तरी तो खर्च तेवढाच राहतो. त्यामुळे रिकाम्या जागेवर ऐंशी टक्के फी देणारे मूल आले तर हिशेबात ते वीस टक्क्यांचे नुकसान दिसत नाही, ऐंशी टक्क्यांची भर दिसते. याउलट संपूर्ण माफी दिलेल्या मुलामागे शाळेला काहीच मिळत नाही, आणि वह्या-पुस्तके, गणवेश, बस हा वरचा खर्च सोसावा लागतो. एक फी शंभर धरली तर दोन मुलांना संपूर्ण माफी देण्यासाठी दोनशे लागतात आणि त्याच दोनशेत दहा मुलांना वीस-वीसची सूट देता येते. दुसरा मार्ग घेतला की दहा जागा भरतात आणि माहितीपत्रकात साहाय्य घेणाऱ्यांचा आकडा दोनवरून दहावर जातो. विश्वस्तांच्या बैठकीत हे दोन पर्याय शेजारी-शेजारी ठेवले गेले की काय निवडले जाईल, हे सांगायला नको. त्यात कोणाची दुष्ट बुद्धी नसते, शाळा चालवायची असते. पण वीस टक्क्यांची सूट घेऊन जो येतो तो ऐंशी टक्के भरू शकणारा असतो, हे लक्षात ठेवले पाहिजे.

म्हणून मला वाटते की शाळेने एकच टक्केवारी छापू नये. संपूर्ण माफी किती जणांना, अर्ध्याहून अधिक किती जणांना, आणि त्याहून कमी किती जणांना, एवढे तीन आकडे दिले तरी पुष्कळ गोष्टी स्पष्ट होतील.

प्रतिसाद १ यांच्यासाठी: सूट देऊन भरलेल्या जागा रिकाम्या राहिल्या असत्या तर आपली फी कदाचित आणखी वाढली असती. मात्र पूर्ण माफीचा भार आपल्यावर येतो हे खरे आहे आणि ते लपवणे चूक आहे.

प्रतिसाद ३

मी अशा मदतीवर शिकलो. संपूर्ण फी माफ होती आणि त्याबद्दलची कृतज्ञता आजही आहे. पण मूळ लेखात आणि वरच्या दोन्ही प्रतिसादांत फीबद्दलच बोलले गेले आहे, म्हणून फीच्या पलीकडचे लिहितो.

आमच्या शाळेत फीची पावती पांढरी असे आणि माफी असलेल्यांची फिकट हिरवी. वर्गशिक्षिका पावत्या गोळा करून घेत तेव्हा त्यांच्या हातातल्या पांढऱ्या गठ्ठ्यात आमच्या चार हिरव्या कडा बाजूने दिसत. कोणी हिणवले असे मुळीच झाले नाही. शिक्षिका प्रेमळ होत्या आणि हिशेब सोपा जावा म्हणून कोणीतरी कधीकाळी तो रंग निवडला असेल. पण महिना बदलला की पावती वहीत घडी घालून द्यायची, म्हणजे कडा दिसणार नाहीत, ही युक्ती मी दुसरीत असताना शोधून काढली होती.

सहलीचे पैसे माफीत नव्हते. संगीताचा वर्ग, स्नेहसंमेलनाचा पोशाख, क्रीडास्पर्धेची नोंदणी यांचेही पैसे वेगळे असत. मी पाच वर्षे प्रत्येक सहलीच्या दिवशी आजारी पडलो आणि आईला ते ठाऊक होते. ज्या मुलाला वर्गात बसायची परवानगी आहे आणि वर्गाबरोबर बाहेर पडायची नाही, त्याला अर्धेच आत घेतलेले असते. म्हणून माझी सूचना अशी की मदत ठरवताना संपूर्ण वर्षाचा सर्व खर्च धरावा. फी माफ केल्यावर उरलेला खर्च झेपत नसेल, तर कमी मुलांना मदत द्यावी, पण पुरी द्यावी.

आणि ती शेवटच्या इयत्तेपर्यंत द्यावी. दर वर्षी नव्याने अर्ज करायला लावणे म्हणजे आठ-दहा वर्षांच्या मुलाला दर वर्षी "पुढच्या वर्षी मी इथे असेन का?" या प्रश्नासह ठेवणे होय.

प्रतिसाद ४

भारतातील शिक्षण हक्क कायद्याचा उल्लेख येथे व्हायला हवा, कारण मूळ लेखातील "हकिकतीच्या पानावर" त्याने एक वेगळेच उत्तर दिले आहे. २००९ चा हा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम १२(१)(ग) नुसार खासगी विनाअनुदानित शाळांनी प्रवेशाच्या पहिल्या वर्गातील किमान २५ टक्के जागा वंचित गटांतील आणि दुर्बल घटकांतील मुलांना द्यायच्या आणि त्यांना आठवीपर्यंत विनामूल्य शिकवायचे. शासन शाळेला प्रतिपूर्ती करते, पण ती शासनाच्या स्वतःच्या दरडोई खर्चाइतकी किंवा शाळेच्या प्रत्यक्ष फीइतकी, यांत जी रक्कम कमी असेल तेवढीच. सर्वोच्च न्यायालयाने १२ एप्रिल २०१२ रोजी ही तरतूद वैध ठरवली आणि विनाअनुदानित अल्पसंख्याक शाळांना तिच्यातून वगळले.

या व्यवस्थेत अर्ज जागांपेक्षा अधिक आले की सोडत काढली जाते. पालकांनी पत्र किती चांगले लिहिले, मुलाखतीत काय बोलले, मूल किती चुणचुणीत दिसते, यांपैकी कशालाही तिथे स्थान नाही. सोडत आंधळी असते ही तिच्यावरची टीका मी ऐकली आहे. मला तोच तिचा गुण वाटतो, कारण पात्र असलेल्या दोन चिमुकल्यांमध्ये अधिक लायक कोण हे ठरवण्याचे कोणतेही न्याय्य साधन कोणत्याच समितीपाशी नसते. अडचणी मात्र दुसरीकडे शिल्लक राहतात. कागदपत्रे जमवणे, ठरावीक मुदतीत अर्ज भरणे आणि मुळात अशी सोय आहे हे वेळेवर कळणे, यांत पुन्हा थोडे सावरलेले कुटुंबच पुढे राहते. आठवीनंतर काय, या प्रश्नाला कायद्यात उत्तर नाही आणि प्रतिसाद ३ मधील चिंता तिथे नववीच्या उंबरठ्यावर उभी राहते.

"अशाने इतर मुलांचे नुकसान होते" असे पुष्कळदा म्हटले जाते. दिल्लीतील खासगी शाळांत गरीब वर्गमित्र आल्यानंतर सधन मुलांच्या वागण्यात काय फरक पडला, याचा अर्थशास्त्रज्ञ गौतम राव यांनी केलेला अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. सधन मुले अधिक उदार झाली आणि गरीब मुलांशी भेदभाव करण्याची त्यांची प्रवृत्ती कमी झाली, असे त्यात आढळले. अभ्यासातील गुणांवर झालेला परिणाम किरकोळ होता आणि तो मुख्यतः इंग्रजीपुरता होता.

प्रतिसाद ५

एक मूलभूत शंका आहे. खासगी शाळेने आपल्या पैशाचे काय करावे हे ठरवण्याचा अधिकार तिचाच नाही का? तिथे अन्याय झाला असे म्हणण्याचा आपल्याला हक्क कसा पोहोचतो?

धागाकर्तीचे उत्तर

प्रतिसाद ५: शाळा धर्मादाय म्हणून नोंदलेली असेल आणि त्यापोटी करसवलत घेत असेल, तर तिचा पैसा पूर्णपणे खासगी राहत नाही. इंग्लंडमध्ये २०११ मध्ये न्यायाधिकरणाने असा निर्णय दिला की धर्मादाय दर्जा असलेल्या फी आकारणाऱ्या शाळांनी गरिबांसाठी नाममात्रापेक्षा अधिक काही केले पाहिजे, मात्र ते काय आणि कसे हे विश्वस्तांनी ठरवावे. मला त्याहून साधे उत्तरही पुरेसे वाटते. जी शाळा "आम्ही गरजू विद्यार्थ्यांना मदत करतो" असे सांगून देणगी आणि नावलौकिक मिळवते, तिने दिलेल्या शब्दाचा हिशेब मागता येतो.

प्रतिसाद १: आपले म्हणणे मला मान्य आहे आणि मूळ लेखात ते सुटले याची रुखरुख वाटते. फीतील किती हिस्सा मदतनिधीत जातो हे पावतीवर छापले पाहिजे. मात्र मधल्या कुटुंबांसाठी मर्यादा वर न्यावी असे सुचवले जाते तेव्हा मी कचरते. इंग्लंडमध्ये १९८० च्या कायद्याने शासनाने खासगी शाळांतील काही मुलांची फी पालकांच्या उत्पन्नानुसार भरण्याची योजना आणली. १९९७ मध्ये ती गुंडाळली गेली. उत्पन्नाची अट होती, तरीही अभ्यासकांना असे आढळले की लाभार्थ्यांत मोठा भाग सुशिक्षित पण तात्पुरत्या अडचणीत आलेल्या घरांचा होता, आणि श्रमिक घरांतील मुले अपेक्षेपेक्षा खूप कमी होती. उत्पन्न कमी असणे आणि आधार नसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला त्यावरून उमगले. मर्यादेच्या ठिकाणी एकदम कडा असू नये, उतार असावा, म्हणजे थोड्याशा अधिक उत्पन्नासाठी सगळी मदत जाणार नाही, एवढे तुमच्यासाठी करता येण्याजोगे आहे.

प्रतिसाद ३: पावतीचा रंग वाचून मी आमच्या शाळेत फोन करून विचारले. आमच्याकडे रंग वेगळा नाही, पण यादीत नावापुढे एक खूण असते आणि ती यादी वर्गावर जाते. हे मला तीन वर्षांत माहीत नव्हते.

प्रतिसाद ६

नवऱ्याने घर सोडल्यानंतर मी असा अर्ज भरला होता. अर्जावर दोन्ही पालकांचे उत्पन्न आणि दोन्ही सह्या सक्तीच्या होत्या. नियमामागचे कारण मला कळते. विभक्त झालेल्या श्रीमंत वडिलांना जबाबदारी टाळता येऊ नये हे योग्यच आहे. पण जो माणूस फोन उचलत नाही त्याच्या पगाराचा कागद मी कुठून आणायचा? कार्यालयातील बाईंनी सहानुभूतीने सांगितले की अपवादासाठी वेगळे पत्र लिहा. त्या पत्रात मला माझ्या घरात काय झाले ते सारे लिहावे लागले, आणि ते पत्र समितीतील सहा जणांनी वाचले. त्यांतील दोघींची मुले माझ्या मुलाच्या वर्गात होती.

फी माफ झाली. पण मूळ लेखातील त्या आईने "नाही" का लिहिले असेल, हे मला वाचताक्षणीच कळले.

प्रतिसाद २ (पुन्हा)

वरील अनुभवावर एक व्यवहार्य उपाय आहे. अर्ज तपासण्याचे काम शाळेबाहेरच्या व्यक्तीकडे द्यावे आणि समितीपुढे नाव, वर्ग व हकीकत न देता फक्त क्रमांक आणि सूत्रानुसार आलेली रक्कम ठेवावी. दुसऱ्या पालकाची कागदपत्रे मिळत नसतील तर त्यासाठी त्रयस्थाचे एक छापील प्रमाणपत्र पुरेसे मानावे, ज्यात कारण लिहायची जागाच नसेल.

धागाकर्तीचे उत्तर

प्रतिसाद ६, आपण लिहिलेत त्याबद्दल मनापासून आभार. हकिकतीचे पान काढून टाकावे असे मी वर लिहिले तेव्हा माझ्यासमोर अन्यायाचा विचार होता, त्या पानामुळे लिहिणाऱ्याला काय सोसावे लागते हा विचार नव्हता. मी स्वतः अशी पत्रे वाचली आहेत आणि त्यांतील माणसे मला शाळेच्या फाटकाशी भेटत असत.

समितीवरची माझी मुदत संपली असली तरी पुढच्या बैठकीला निवेदन देण्याची मुभा आहे. या चर्चेतून चार गोष्टी त्यात घातल्या आहेत: शेवटचे पान रद्द करणे, क्रमांकाने तपासणी, सहलीसह सर्व खर्च धरून मदत, आणि माहितीपत्रकात एका टक्केवारीऐवजी तीन आकडे. वर्गावर जाणाऱ्या यादीतील खूण काढण्यासाठी बैठकीची गरज नव्हती, ती मुख्याध्यापकांनी कालच काढायला सांगितली. गुणवत्तेची सूट वेगळ्या खात्यात नेण्याचा मुद्दा मात्र विश्वस्तांकडे जाईल आणि त्यावर विरोध होणार हे दिसते आहे, कारण ती सूट बंद झाली तर काही जागा रिकाम्या राहतील असे त्यांचे म्हणणे आहे. प्रतिसाद २ यांना विनंती आहे की दोनशेच्या निधीचे ते उदाहरण मला निवेदनाला जोडू द्यावे.

प्रतिसाद २ (पुन्हा)

अवश्य जोडा. त्यात एक ओळ वाढवा: सूट मिळालेल्या दहा जणांपैकी किती जणांनी सुटीशिवायही प्रवेश घेतला असता, हे विश्वस्तांनी आधी कार्यालयाकडून मागवावे. प्रवेशाच्या वेळचा पत्रव्यवहार फायलीत असतो, त्यामुळे ते काढता येते.

प्रतिसाद ३ (पुन्हा)

निवेदनात आणखी एक मुद्दा घालता आला तर पाहा. माफीचे पत्र देताना ती कोणत्या इयत्तेपर्यंत आहे ते त्याच पत्रात लिहून द्यावे. माझ्या आईने तसे पत्र दर वर्षी मागितले आणि दर वर्षी तिला "बघू" असे उत्तर मिळाले.